अर्धं मिनिट आधी दिसलेली मॅच

टीव्हीत नोकरी करते असं सांगितलं की हॅरोतल्या आपल्या लोकांचे दोनच प्रश्न असायचे. पहिला, "मग तुम्ही दिसता का हो टीव्हीवर?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "क्रिकेट फुकट बघायची काही सोय होईल का?" दोन्हींचं उत्तर नाही असं दिलं की समोरच्याचा चेहरा असा पडायचा की मलाच वाटावं, बाई, एवढी वर्षं तू केलंस तरी काय! तर काय केलं ते एकदा सांगूनच टाकते. मी काळजी केली. पगार घेऊन केली. लग्नाआधी पुण्यात आई म्हणायची, या पोरीला फुकट काळजी करायची सवय आहे. लंडनला येऊन निदान ते फुकटपण तरी गेलं.

पश्चिम लंडनमध्ये एक खोली, खिडकी नाही, भिंतभर स्क्रीन. जगभरातले खेळ तिथे येतात आणि तिथून इंग्लंडातल्या घराघरांत जातात. चित्र येतंय ना, आवाज येतोय ना, जाहिरात जागच्या जागी लागली ना, हे बघत बसायचं. आणि आणखी एक काम, जे बाहेरच्यांना पटतच नाही: ज्यांना दिसायला नको त्यांना दिसत नाहीये ना, हेही बघायचं. कारण मॅच विकली जाते ती देशादेशाप्रमाणे. एक मॅच जर्मनीत दिसेल, इथे नाही. इथे दिसेल, आयर्लंडमध्ये नाही. ती कुठे दिसावी हे कागदोपत्री ठरतं, आणि शिव्या खातं आमचं डेस्क.

शेवटची काही वर्षं माझ्याकडे अमेरिकन कॉलेज फुटबॉल होतं. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, खेळतात हातांनी, आणि अंगावर धावून जातात ते बघवत नाही. चेंडूला पाय लावायचं काम एखाद-दोन मुलांचं. त्यातला एक किकर. खेळणारे सगळे विद्यार्थी. पण एकेका स्टेडियममध्ये गर्दी अशी, की मला आधी वाटलं काहीतरी दंगल आहे. तिकडे लहान लहान गावांत कॉलेज हेच सगळं असतं, आणि त्या गावातून बाहेर पडलेला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही गेला तरी शनिवारी त्याला आपल्याच कॉलेजची मॅच हवी असते. दुसरी कितीही मोठी असो, नको. आम्ही दाखवायचो मोठ्या टीमच्या मॅच. लहान कॉलेजांचे लोक मग फोन करायचे.

त्यात अमेरिकन होतेच. पण आपलेही होते, यावर कोणाचा विश्वास बसत नाही! एजवेअरचा पराग घ्या. नागपूरचा मुलगा, कुठल्याशा मक्याच्या शेतांमधल्या कॉलेजात एमएस केलेलं, आता इथे बँकेत सॉफ्टवेअर. कोणाकडून तरी माझा नंबर मिळवला आणि दर शनिवारी सुरू. "मॅडम, काहून दाखवत नाही तुम्ही आमची मॅच?" मी सांगायचे, अरे बाबा, तुमची मॅच या देशासाठी कोणी घेतलेलीच नाही. "पण मी तर तिथेच शिकलो ना!" एकदा त्याने पुरावा म्हणून डिग्री सर्टिफिकेटचा फोटो पाठवला. जणू ते बघून सॅटेलाइट विरघळणार होता. हसू आलं, पण वाईटही वाटलं. दोन वर्षं राहिलेल्या गावासाठी एवढा जीव टाकणारा माणूस मी आपल्यात तरी दुसरा पाहिला नाही.

मंजिरीची गोष्ट मात्र वेगळी होती.

डॉक्टर मंजिरी आमच्या मंडळातली, पिनरला राहते, इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. शांत, मोजकं बोलणारी. नवराही डॉक्टर. एकुलता एक मुलगा निनाद. शाळेत साधा फुटबॉल खेळायचा, त्याची किक एका अमेरिकन कोचच्या नजरेत भरली, आणि स्कॉलरशिपवर तो तिकडच्या एका लहान कॉलेजात किकर म्हणून गेला. मंडळात या गोष्टीचं कौतुक कमी आणि चौकशा जास्त. "मेडिसिनला नाही मिळाली का अॅडमिशन?" वगैरे.

गणपतीत आरती झाल्यावर हॉलच्या दाराशी आम्ही बूट शोधत होतो, तेव्हा ती म्हणाली, "शुभाताई, निनादची मॅच तुमच्याकडे का दिसत नाही?"

मी तिला परागला सांगायचे तेच सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "त्यांच्या कॉलेजचा रेडिओ आहे, इंटरनेटवर. तो ऐकते मी. पण मला त्यातलं काही कळत नाही हो. त्याचं नाव आलं की पोटात गोळा येतो. चांगलं म्हणाले की वाईट तेच समजत नाही. मग मी त्याचं नाव परत कधी येतं याची वाट बघते. परत आलं म्हणजे तो खेळतोय. म्हणजे बरा आहे."

मी स्वतः काळजीखोर, त्यामुळे दुसऱ्याची काळजी मला लगेच चिकटते. घरी येईपर्यंत माझ्याही पोटात तिचा गोळा आला होता.

आमच्याकडे बुधवारी मीटिंग असायची. अमेरिकेहून आलेल्या मॅचमधून पुढच्या शनिवारी इथे कुठल्या दाखवायच्या, ते तिथे ठरायचं. लहान कॉलेजांच्याही एखाद-दोन मॅच कधीकधी मोठ्यांच्या जोडीने त्या पॅकेजमध्ये येतात, पण त्या कोणी उचलत नाही. निनादच्या टीमची एक मॅच यादीत दिसली तशी मी म्हटलं, ही इंटरनेटवरच्या एक्स्ट्रा स्ट्रीमवर घेऊ या, ती रिकामीच आहे. आमचा शिफ्टचा प्रमुख पीटर, यॉर्कशरचा, नियमाला पक्का. त्याने चष्म्यावरून बघितलं. "शूबा, हू विल वॉच इट?"

"पिनरमध्ये एक घर आहे," मी म्हटलं.

सगळे हसले. पीटर हसला नाही, पण त्याने टिक केली. मंजिरीला मी त्याच संध्याकाळी कळवलं.

आता इथे एक भानगड सांगायला हवी, जी आमच्या धंद्यातल्या लोकांचंच डोकं खाते. इथे इंग्लंडात ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं तासभर मागे जातात. अमेरिकेतही जातात, पण आठवडाभर उशिरा. म्हणजे मधल्या एका आठवड्यात लंडन आणि अमेरिका यांच्यातलं अंतर तासाने कमी होतं. एरवी पाचला लागणारी मॅच त्या शनिवारी चारला लागते. दर वर्षी हा आठवडा येतो, दर वर्षी सगळ्यांना माहीत असतं, आणि दर वर्षी कोणीतरी मार खातंच. निनादची मॅच नेमकी त्याच शनिवारी आली.

मी सकाळी शिफ्टला आल्या आल्या सगळ्या मॅचच्या वेळा पुन्हा तपासल्या. मोठ्या मॅच बरोबर होत्या, त्यांच्यामागे दहा लोक असतात. एक्स्ट्रा स्ट्रीमला मात्र पाचचीच वेळ लावलेली होती! मागच्या आठवड्याचा साचा कोणीतरी तसाच पुढे ओढलेला. मी ती वेळ दुरुस्त केली, आणि मग मंजिरीला फोन लावला, कारण तीही पाचच्याच हिशोबात असणार.

"अगं, चारला आहे मॅच. पाचला बसलीस तर अर्धी गेलेली असेल."

"अय्या! चारला तर मंडळाचा दिवाळी कार्यक्रम आहे. मी फराळाच्या काउंटरवर आहे." क्षणभर थांबली. "थांबा, मी टॅब घेऊन जाते. हॉलच्या किचनमध्ये लावीन. थँक्यू हं शुभाताई, तुम्ही होतात म्हणून."

तुम्ही होतात म्हणून. हे वाक्य नंतर मला फार छळणार होतं. मी नसते तर तिला पहिला तास दिसलाच नसता.

चार वाजले, चित्र आलं. लहानसं स्टेडियम, कडेला लाल पानांची झाडं, बँड वाजतोय. निनाद कुठला ते मला शोधावं लागलं. हेल्मेटमध्ये सगळे सारखे. पण किकर बाकीच्यांपेक्षा बारीक असतो, त्यावरून सापडला. मी पीटरला दाखवलं, तो म्हणाला, "दॅट्स युअर पिनर बॉय?" मला उगाचच अभिमान वाटला. खेळाच्या सुरुवातीची किक त्याने मारली ती लांब, छान गेली. मला वाटलं, आत्ता हॉलच्या किचनमध्ये चिवड्याच्या डब्याला टेकवलेल्या टॅबसमोर ही बाई टाळ्या वाजवत असेल.

काही वेळाने त्याच्या टीमने गुण मिळवले, आणि पुन्हा किक मारायला तो आला. चेंडू समोरच्यांच्या एका मुलाने झेलला आणि तो उलटा धावत सुटला. याचे गडी एकामागून एक चुकत गेले. शेवटी मैदानात त्या धावणाऱ्याच्या आणि शेवटच्या रेषेच्या मध्ये एकटा निनाद उरला. किकरने अशा वेळी फक्त आडवं यायचं, वेळ काढायचा, असं म्हणतात. या पोराने डोकं खाली घातलं आणि थेट त्याच्या पायांत झेप घेतली. त्या मुलाचा गुडघा याच्या हेल्मेटवर बसला. निनाद पालथा पडला आणि पडून राहिला.

आणि इथे माझ्या नोकरीतली ती गोष्ट येते, जी मी तोवर कधी मनावर घेतली नव्हती. आमच्या खोलीत चित्र येतं ते थेट. घरी जातं ते इंटरनेटवरून, साधारण अर्धं मिनिट उशिरा. त्यामुळे माझ्यासमोरच्या मोठ्या स्क्रीनवर तो पडलेला होता, आणि बाजूच्या छोट्या स्क्रीनवर, जिच्यावर लोकांना काय दिसतंय ते आम्ही बघतो, तिच्यावर तो अजून चेंडू नीट लावत होता. हेल्मेट सारखं करत होता. दोन पावलं मागे जात होता. मंजिरीसाठी तो अजून ठीक होता.

माझ्या हाताखाली एक बटण होतं. ते दाबलं की चित्र जातं आणि पाटी येते, 'तांत्रिक अडचण, थोड्या वेळात परत येतो'. चित्र खरंच गेलं तरच दाबायचं, असा नियम. माझं बोट त्यावर गेलं. दाबू? आईला हे दिसू नये? पण पाटी बघून ती काय समजेल? आणि कळल्यावर? की कळायच्या आधी निनाद उठून उभाच राहील आणि हे सगळं फुकट जाईल? ऊठ रे बाळा, ऊठ, मी मराठीत बोलत होते, पीटरने वळून बघितलं. मी न दाबायचं ठरवलं, असं म्हणणार नाही. माझं ठरायच्या आत छोट्या स्क्रीनवर त्याने डोकं खाली घातलं.

लगेच अमेरिकेहून ब्रेक झाला. मैदानात कोणी पडलं की ते लोक जाहिरातीवर जातात. म्हणजे इथे घरी चॉकलेटची जाहिरात लागते. पण आम्हाला जाहिरात दिसत नाही. आम्हाला ब्रेकमध्येही स्टेडियमचंच चित्र येत राहतं, निवेदनाचा आवाज नसलेलं, नुसतं. हे चित्र त्या खोलीबाहेर कोणाला सांगायचं नाही, हा सगळ्यांत कडक नियम. लोक मॅचवर पैसे लावतात, त्यामुळे आधी कळलेली कुठलीही गोष्ट बाहेर जाता कामा नये. एका मुलाची नोकरी यावरून गेलेली मी पाहिली होती.

ड्रॉवरमध्ये माझा मोबाइल थरथरला.

"शुभाताई." मागे हॉलमधली पेटी आणि लहान मुलांचा गलका. "माझ्याकडे जाहिरात आहे. तुमच्याकडे काय आहे?"

मी पीटरकडे बघितलं. म्हटलं, "हिज मदर." पीटर उठला, खोलीचं दार लावलं, आणि परत येऊन बसला.

"मला दिसतोय तो, मंजिरी."

"कसा आहे, पालथा की उताणा?" आवाज अगदी सपाट. मी तिचा हा आवाज कधी ऐकला नव्हता, हॉस्पिटलमधला असणार.

"पालथा. तीन जण आलेत. एकाने डोकं दोन्ही हातांनी धरलंय."

"धरू दे. छान. पाठ वरखाली होतेय का?"

मी स्क्रीनच्या इतकी जवळ गेले की काचेला नाक लागलं. "होतेय. हो, होतेय."

"हात?"

"हात... नाही गं. अजून नाही."

"बरं. पाय?"

आणि तेवढ्यात चित्र हललं. गंभीर काही असलं की कॅमेरावाले मान राखून दुसरीकडे बघतात, ती तिकडची रीत. मला दिसू लागली लाल पानांची झाडं, मग गुडघ्यांवर बसलेली मुलं, दोन्ही टीमची, मग बँड.

हो म्हणावं असं मनात आलं. हलवतोय, म्हणावं, काय बिघडतंय! पण तिचा तो आवाज. त्या आवाजाला खोटं सांगता येईना.

"मंजिरी, कॅमेरा हलवला त्यांनी. मला आता दिसत नाही."

पलीकडे पेटी वाजत होती. कोणीतरी "मावशी, करंज्या संपल्या!" असं ओरडलं.

"फोन ठेवू नका," ती म्हणाली. एवढंच.

पीटरने सगळं ऐकलं होतं, भाषा कळत नसली तरी. त्याने स्टेडियमबाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या गाडीशी जोडलेली आमची लाइन उघडली. ती फक्त चित्र-आवाजाच्या कामासाठी असते. तिकडे एक बाई होती, तिचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. नियमाला पक्का पीटर तिला म्हणाला, "लंडनहून बोलतोय. त्या मुलाची आई आमच्या फोनवर आहे. प्लीज."

थोडा वेळ नुसती खरखर. मग बाई म्हणाली, तो बोलतोय. शिव्या देतोय.

"मंजिरी, बोलतोय तो! शिव्या घालतोय म्हणे."

"मराठीत की इंग्लिशमध्ये?"

मला हसू फुटलं, ती मात्र हसली नाही. "पाय, शुभाताई. पाय विचारा."

पीटरने विचारलं. पण तोवर तिकडचा ब्रेक संपत आला होता, बाई कामाला लागली, लाइनवर उत्तर आलं नाही. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब वेळ. आता वाटतं, मुलाच्या आईसाठी तो किती लांब असेल, आणि पुढे विचार करवत नाही.

मग चित्र परत आलं, लांबून. छोटी गाडी मैदानातून निघालेली, तिच्यावर स्ट्रेचर, मानेला पट्टा, सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. या टाळ्यांचा मला भरवसा नाही. ते बऱ्या झालेल्यालाही वाजवतात आणि न झालेल्यालाही. गाडी वळली. आणि स्ट्रेचरवर एक गुडघा हळूच वर आला.

"वाकवला! गुडघा वाकवला त्याने!"

"कुठला?"

"उजवा. किकचा."

"डावा?"

"थांब... थांब गं... स्ट्रेचरच्या पट्ट्याखाली आहे..." पीटर माझ्या खांद्यामागे उभा होता. "डावा पण. डावा पण हलला, मंजिरी, मी बघितला, पीटरने पण बघितला."

मला वाटलं फोन कटला. हॅलो, हॅलो करत राहिले. आणि मग, बरोबर अर्ध्या मिनिटाने, तिच्या टॅबवर ती गाडी वळली असणार. मी पलीकडून जो आवाज ऐकला तो रडण्याचा होता, की नुसता सुटलेल्या श्वासाचा, मला आजही सांगता येणार नाही. मी सांगितलं तेव्हा तिने ऐकून घेतलं होतं. विश्वास तिने स्वतः बघितल्यावर ठेवला.

निनादचं खांद्याचं हाड मोडलं होतं आणि मेंदूला हादरा बसला होता. मंजिरी दुसऱ्याच दिवशी विमानाने गेली. पीटरने त्या फोनबद्दल वरती काही कळवलं नाही आणि आमच्यात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. मला मात्र बरेच दिवस झोप लागली नाही. ती मॅच मी यादीतून उचलली होती, वेळही मीच दुरुस्त केली होती, आणि चांगल्या कामाचा असा पश्चात्ताप कुठे मांडायचा ते मला कळत नव्हतं.

अमेरिकेहून परतल्यावर एका रविवारी मंजिरी माझ्या घरी आली. चहा झाला. मी धीर करून तिला त्या बटणाबद्दल सांगितलं.

"दाबलं असतंत तर बरं झालं असतं असं वाटतं का तुम्हाला?" तिने विचारलं.

"रोज वाटतं."

तिने कप खाली ठेवला. "मी भूल देते ना, शुभाताई. माणूस झोपला की त्याच्या घरच्यांना बाहेर बसवतात. आत काय चाललंय त्यांना दिसत नाही. मी आत असते, त्यामुळे मला वाटायचं, त्यांचं बरं आहे." मग म्हणाली, "नव्हतं बरं."

पुढच्या मोसमात निनाद परत खेळायला उतरला. कोणाचं ऐकतोय! फोनवर मला त्याच्या मोडक्या मराठीत म्हणतो, "शुभामावशी, डॉक्टर म्हणाली मी फिट आहे, मग आई का घाबरतो?" मंजिरीने त्याला अडवलं नाही. पण तिने बघणं सोडलं. रेडिओही नाही, टॅबही नाही. शनिवारी ती मुद्दाम ड्यूटी घेते, नाहीतर बागेत काम काढते.

मी उन्हाळ्यात रिटायर झाले. ती बिनखिडकीची खोली गेली, भिंतभर स्क्रीन गेल्या. आता मी हॅरोत माझ्या सोफ्यावर बसून इतरांसारखीच उशिराने मॅच बघते. निनादच्या कॉलेजची मॅच लागते हल्ली, ती एक्स्ट्रा स्ट्रीम पीटरने चालू ठेवली आहे. पराग फोनवर बजावतो, "मॅडम, आता तर आमची पण लावायला सांगा," आणि मला स्कोअर विचारतो. मला स्कोअर सांगता येत नाही. मी चेंडू बघत नाही, गुण बघत नाही, एका बारीक मुलावर डोळे लावून बसते. दर किकनंतर तो कुठे आहे ते बघते, आणि शेवटची शिट्टी झाली की पिनरला दोन शब्दांचा मेसेज टाकते: "उभा आहे."

तिकडून काही उत्तर येत नाही. नुसत्या वाचल्याच्या निळ्या खुणा येतात, लगेच, मेसेज जातो न जातो तोच. फोन हातातच धरून बसलेली असते ती.